अल्झायमरची जोखीम आणि तिचे हिशेब

एखाद्या घटकामुळे रोगाची शक्यता वाढते असे म्हणणे आणि त्या घटकामुळेच रोग होतो असे म्हणणे, या दोन विधानांतील अंतराची फिकीर हिवतापासारख्या रोगात फारशी करावी लागत नाही, कारण तिथे डासाने शरीरात सोडलेला परजीवी रक्ताच्या थेंबात दाखवता येतो. अल्झायमरच्या बाबतीत मात्र गेल्या पन्नास वर्षांतील पुष्कळसे संशोधन, आणि त्यावरून वर्तमानपत्रांत पसरणारे पुष्कळसे गैरसमजही, नेमके याच अंतरात सापडतात. जोखीम घटक म्हणजे असा गुणधर्म, अशी सवय किंवा अशी परिस्थिती, जी असलेल्या माणसांच्या गटात एखादा रोग ती नसलेल्या गटापेक्षा अधिक आढळतो. ही व्याख्या गटाविषयी बोलते. अमुक एका घरातल्या आजीला पुढे काय होईल हे तिच्यातून निघत नाही, आणि तो घटक दूर केला की रोग टळेल असेही तिच्यातून आपोआप सिद्ध होत नाही. या दोन मर्यादा ध्यानात ठेवल्या नाहीत तर पुढचे सारे आकडे एकतर भीती घालतात किंवा खोटा दिलासा देतात.

रोगाची ओळखही थोडक्यात करून द्यायला हवी. स्मृतिभ्रंश हे एका लक्षणसमूहाचे नाव आहे: स्मरण, भाषा, दिशेचे भान, निर्णयशक्ती यांपैकी अनेक गोष्टी इतक्या खालावतात की रोजचे व्यवहार दुसऱ्याच्या आधाराशिवाय निभत नाहीत. ही अवस्था अनेक रोगांमुळे येऊ शकते, आणि त्या रोगांपैकी सर्वांत जास्त आढळणारा अल्झायमर होय; स्मृतिभ्रंशाच्या एकूण रुग्णांपैकी साधारण ६० ते ७० टक्के रुग्णांत तो असतो असे जागतिक आरोग्य संघटना मानते. त्यात चेतापेशींच्या बाहेर बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचे साठे जमतात, पेशींच्या आत टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे गुंते होतात, आणि यथावकाश पेशी मरत जाऊन मेंदू आकसतो. जोखमीच्या चर्चेत सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की हे साठे पहिले लक्षण दिसण्याच्या १५ ते २० वर्षे आधीपासून जमू लागतात. पंचाहत्तराव्या वर्षी ज्याचे निदान झाले, त्याचा रोग पंचावन्न-साठीत सुरू झालेला असतो, आणि तेव्हा त्याला कोणी रुग्ण म्हणत नसते.

या रोगाच्या इतिहासात एक विचित्र योगायोग आहे आणि जोखमीच्या कल्पनेवर त्याची छाप दीर्घकाळ राहिली. आलोईस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०१ साली फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात तपासलेली ऑगस्टे डेटर ही स्त्री तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. १९०६ साली तिचा मृत्यू झाल्यावर अल्झायमरने तिच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवून तपासले, त्यात आढळलेले साठे आणि गुंते त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेन येथील सभेत मांडले, आणि १९१० साली एमिल क्रेपेलिन याने आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला अल्झायमरचे नाव दिले. पहिली रुग्ण पन्नाशीतली असल्यामुळे हा मध्यमवयातला एक दुर्मीळ रोग ठरला, आणि ऐंशीच्या घरातल्या माणसांचे विस्मरण हे निव्वळ म्हातारपण किंवा रक्तवाहिन्या कठीण झाल्याचा परिणाम म्हणून वेगळ्या खात्यात पडले. अमेरिकन चेतातज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ साली एका संपादकीयात ठामपणे मांडले की दोन्ही वयांतल्या मेंदूंमध्ये बदल तेच आहेत, तेव्हा रोगही एकच मानला पाहिजे. त्या एका पुनर्वर्गीकरणाने दुर्मीळ रोग सर्वाधिक आढळणाऱ्या रोगांच्या रांगेत येऊन बसला. वय हा अल्झायमरचा सर्वांत मोठा जोखीम घटक आहे हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असलेले विधान १९७५ साली वैद्यकाच्या पुस्तकात मिळाले नसते.

मराठी घरांत ‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून जो विषय मिटवला जातो, तो याच जुन्या वर्गीकरणाचा लोकव्यवहारातला अवतार म्हणता येईल. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांना चांगली ओळखू येत होती, पण तो आजार आहे असे त्यांना वाटत नव्हते. काहींच्या मते ते वयाचे देणे होते, तर काहींच्या मते मुलांनी हेळसांड केल्याचे, माया न लावल्याचे फळ. ज्या समाजात लक्षणाला रोग मानले जात नाही तिथे रुग्ण दवाखान्यात पोचत नाही, आणि जो पोचत नाही तो मोजला जात नाही. रोगाच्या मोजणीकडे वळताना हा मुद्दा पुन्हा लागेल.

वयाचा परिणाम किती मोठा आहे हे सांगायला एकच प्रमाण पुरे: पासष्टीनंतर दर पाच वर्षांनी हा रोग होण्याची शक्यता साधारणपणे दुप्पट होते. इतर कोणताही सामान्य घटक याच्या आसपासही येत नाही. तरीही वय हे स्वतः कारण नव्हे. वयाबरोबर पेशींची कचरा निचरण्याची क्षमता घटते, रक्तवाहिन्या ताठर होतात, दाह वाढतो, आणि या सगळ्यांची बेरीज वय या एका आकड्यात लपलेली असते. स्त्रियांमध्ये रोग अधिक दिसतो, त्याचे एक कारण त्या अधिक जगतात हे आहेच; पण ते एकमेव नाही, आणि भारतात तर त्याखाली शिक्षणाचा एक जुना हिशेब दडलेला आहे, त्याचा विचार पुढे केला आहे.

आनुवंशिकतेविषयी सामान्य वाचकाच्या मनात असलेली भीती दोन वेगळ्या गोष्टींच्या सरमिसळीतून येते. पहिली गोष्ट म्हणजे असे जनुकीय दोष, जे जवळजवळ निश्चितपणे रोग आणतात. एकविसाव्या गुणसूत्रावरील अमायलॉइडच्या मूळ प्रथिनाचे जनुक, चौदाव्या गुणसूत्रावरील प्रिसेनिलिन-१ आणि पहिल्या गुणसूत्रावरील प्रिसेनिलिन-२ या तिघांतले बदल या वर्गात येतात. ते पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबात चालत राहतात, रोग चाळिशी-पन्नाशीत आणतात, आणि एकूण रुग्णांत त्यांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींमध्ये एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत असल्यामुळे अमायलॉइड जन्मभर जास्त बनते आणि चाळिशीपर्यंत जवळजवळ सर्वांच्या मेंदूत साठे आढळतात. कोलंबियाच्या अँतिओकिया प्रांतात प्रिसेनिलिन-१ मधील एक दोष असलेले जगातले सर्वांत मोठे कुटुंबजाल आहे, आणि फ्रान्सिस्को लोपेरा या डॉक्टरांनी अनेक दशके त्याचा पाठपुरावा केला. त्या जालातील एका स्त्रीची हकिगत २०१९ साली प्रसिद्ध झाली: तिच्यात तो दोष होता, मेंदूत अमायलॉइड भरपूर साठले होते, तरी नातेवाइकांना पंचेचाळिशीच्या आसपास गाठणारी लक्षणे तिला सत्तरी ओलांडेपर्यंत शिवली नाहीत. तिच्यात आणखी एका जनुकाचा दुर्मीळ बदल दोन्ही प्रतींमध्ये होता, आणि तो संरक्षक ठरला असावा असे संशोधकांचे अनुमान आहे. निश्चित मानल्या गेलेल्या जोखमीलाही अपवाद असतो, हे त्या एका उदाहरणाने दाखवले.

तो संरक्षक बदल ज्या जनुकात होता, तेच जनुक दुसऱ्या, कितीतरी अधिक आढळणाऱ्या वर्गाच्या केंद्रस्थानी आहे. एकोणिसाव्या गुणसूत्रावरील अपोलायपोप्रोटीन-ई हे जनुक शरीरातील स्निग्ध पदार्थांच्या वाहतुकीशी निगडित प्रथिन बनवते, आणि त्याचे तीन प्रमुख प्रकार आहेत: ई-२, ई-३ आणि ई-४. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या गटाने १९९३ साली दाखवून दिले की ई-४ असणाऱ्यांत अल्झायमर अधिक आणि लवकर होतो. युरोपीय वंशाच्या लोकांत ई-४ची एक प्रत असल्यास जोखीम साधारण तिप्पट आणि दोन प्रती असल्यास आठ ते बारा पट सांगितली जाते. आफ्रिकी वंशाच्या लोकांत हाच प्रकार तितका घातक दिसत नाही. इथे सापेक्ष आणि निरपेक्ष जोखीम यांतला फरक समजून घेणे आवश्यक आहे. सापेक्ष जोखीम म्हणजे दोन गटांतल्या प्रमाणांचा भागाकार, आणि निरपेक्ष जोखीम म्हणजे शंभर माणसांमागे प्रत्यक्ष किती जणांना रोग होईल तो आकडा. समजा, एखाद्या वयोगटात वर्षभरात शंभरांपैकी एकाला रोग होतो. तिप्पट जोखीम म्हणजे शंभरांपैकी तिघांना, म्हणजेच उरलेल्या ९७ जणांना त्या वर्षी काहीच होत नाही. बातमीत ‘तिप्पट’ छापले जाते, ९७ छापले जात नाहीत. लक्षणे नसलेल्या माणसाने केवळ कुतूहलापोटी हे जनुक तपासून घेऊ नये, असा सल्ला बहुतेक तज्ज्ञ देतात तो यामुळेच. चाचणीचा निकाल खरा असतो, पण त्याचा अर्थ लावणे घरबसल्या होत नाही.

भारताच्या संदर्भात जोखमीचा सर्वांत बोधप्रद, आणि सर्वांत जास्त विपर्यास झालेला, अभ्यास हरयाणातील बल्लभगढचा आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण आरोग्य केंद्र तिथे पूर्वीपासून होते. नव्वदच्या दशकात विजय चंद्रा, मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गावांतील ५५ वर्षांवरील ५१२६ लोकांची पाहणी केली, आणि तिची तुलना अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या मोनोंगाहेला खोऱ्यातल्या वृद्धांशी केली. बल्लभगढच्या या लोकांपैकी सुमारे ७३ टक्के निरक्षर होते, आणि प्रचलित स्मृतिचाचणी तर कागदपेन्सिलवाल्यांसाठी घडवलेली; म्हणून आधी चाचणीच नव्याने बेतावी लागली. ‘डोळे मिटा’ असे लिहिलेला कागद दाखवून आज्ञा वाचायला लावण्याऐवजी परीक्षकाने स्वतः डोळे मिटायचे आणि समोरच्याने तसे करायचे. वाक्य लिहून देण्याऐवजी आपल्या घराविषयी एक वाक्य बोलायचे. एखाद्या शब्दाची अक्षरे उलट्या क्रमाने सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. निरक्षर पण शहाण्या माणसाला केवळ अक्षर येत नाही म्हणून रोगी ठरवायचे नाही, हा त्या सगळ्या खटाटोपाचा हेतू होता.

निकाल आश्चर्यकारक होते. पासष्टीवरच्या लोकांत अल्झायमरचे प्रमाण १.०७ टक्के निघाले, आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात नव्या रुग्णांचा वार्षिक दर हजारी ४.७ आढळला, तर मोनोंगाहेला खोऱ्यात तोच दर हजारी १७.५ होता. इतका कमी दर तोवर क्वचितच कुठे नोंदला गेला होता. ई-४ जनुकप्रकारही बल्लभगढमध्ये कमी होता, प्रतींच्या हिशेबाने सुमारे ७ टक्के, अमेरिकी गटात ११. परंतु ज्यांच्यात तो होता त्यांच्यात जोखीम दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात वाढलेली दिसली. म्हणजे जनुकावरून फरकाचा थोडा भाग उलगडला, सगळा नाही.

यानंतर हा आकडा हळदीच्या हाती लागला. भारतीय लोक हळद खातात, भारतीयांना अल्झायमर कमी होतो, म्हणून हळद अल्झायमर टाळते, असा तर्क जगभरच्या आरोग्यपुरवण्यांत फिरला आणि हळदीतल्या कर्क्युमिन या द्रव्याच्या गोळ्यांच्या बाटल्यांवर जाऊन बसला. त्या अभ्यासात हळद मोजलीच नव्हती. कर्क्युमिनचे उंदरांवरचे प्रयोग उत्साहवर्धक होते हे खरे, पण ते आतड्यातून रक्तात फारच थोडे शोषले जाते, आणि अल्झायमरच्या रुग्णांवर घेतलेल्या छोट्या चाचण्यांत त्याचा लाभ दिसला नाही. ज्या संशोधकांनी वार उलटे म्हणायची चाचणी बेतण्यापर्यंत काळजी घेतली, त्यांच्या कष्टांचे असे लोणचे व्हावे ही खेदाची गोष्ट आहे.

बल्लभगढच्या कमी आकड्याची अधिक सयुक्तिक स्पष्टीकरणे कोरडी आहेत. एखाद्या क्षणी समाजात असलेले रुग्ण म्हणजे रोगाची व्याप्ती, आणि ठरावीक काळात नव्याने झालेले रुग्ण म्हणजे नवा रोगदर. व्याप्ती दोन गोष्टींवर ठरते, नवे रुग्ण किती आणि जुने किती काळ जगतात यावर; अंथरुणाला खिळलेला वृद्ध जिथे न्युमोनियाने किंवा पडून लवकर दगावतो, तिथे व्याप्ती कमीच दिसणार. नवा रोगदर मात्र या मार्गाने समजत नाही, आणि बल्लभगढमध्ये तोही कमी होता. तिथे पाठपुरावा दोनच वर्षांचा होता. एकत्र कुटुंबात वृद्धाकडून अपेक्षित कामे मोजकी असल्याने बिघाड उशिरा लक्षात येतो. आणि अनेक संसर्ग व उपासमारी पार करून सत्तरीला पोचलेली माणसे मुळातच काटक असण्याची शक्यता असते. यांतले कोणते किती खरे, याचा पुरा निवाडा झालेला नाही.

पुढे देशव्यापी ‘लासी-डॅड’ सर्वेक्षणातून, म्हणजे वृद्धांच्या दीर्घकालीन पाहणीत स्मृतीच्या सविस्तर चाचण्या आणि घरच्यांच्या मुलाखती जोडून केलेल्या अभ्यासातून, २०२३ साली अंदाज आला की भारतात साठीवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत तो पुरुषांपेक्षा जास्त, आणि खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. हा आकडा सगळ्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचा असल्यामुळे बल्लभगढच्या आकड्याशी त्याची थेट वजाबाकी करता येत नाही. तरीही ‘आपल्याकडे हा रोग फारसा नाही’ हा समज त्याने मोडीत काढला.

खेड्यांत आणि स्त्रियांत प्रमाण जास्त असण्यामागे शिक्षणाचा प्रश्न येतो. १९५१च्या जनगणनेत भारतातील स्त्रियांची साक्षरता अवघी ८.८६ टक्के होती. त्या सुमारास शाळेच्या वयात असलेल्या मुली आज ऐंशीच्या आसपास आहेत. बालपणातले कमी शिक्षण हा स्मृतिभ्रंशाचा जोखीम घटक आहे यावर जगभरचे अभ्यास बऱ्यापैकी एकमत दाखवतात, पण तो नेमका कसा काम करतो यावर नाही. एक मत असे की शिक्षणाने आणि बुद्धीला राबवणाऱ्या कामाने मेंदूत पर्यायी जोडण्या तयार होतात, आणि रोगाने काही भाग निकामी केला तरी काम चालू राहते. यालाच बौद्धिक राखीव क्षमता म्हणतात. घरात धान्याची कणगी भरलेली असेल तर दुष्काळाची झळ उशिरा लागते, दुष्काळ मात्र तोच असतो. दुसरे मत असे की शिक्षण हे खरे तर गरिबीचे, बालपणीच्या कुपोषणाचे आणि पुढच्या रोजगाराचे केवळ दर्शक आहे. तिसरी शंका मोजमापाची: निरक्षर माणसाला चाचणीत गुण कमी पडतात, म्हणून रोग जास्त नोंदला जातो का? पहिले दोन्ही मुद्दे एकाच वेळी खरे असू शकतात, आणि तिसरा बल्लभगढसारखी चाचणी वापरूनच कमी करता येतो.

या प्रश्नाला सर्वांत जवळून भिडणारा अभ्यास एका मठसंस्थेत झाला. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली अमेरिकेतील ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या कॅथलिक संघातील जोगिणींचा अभ्यास सुरू केला, आणि त्यात ६७८ जणी सामील झाल्या. त्यांचे अन्न, निवारा, दारूतंबाखूपासूनचे अंतर, वैद्यकीय सोय सारखी. बहुतेकींचा पेशा शिक्षिकेचा. त्यामुळे इतर अभ्यासांत डोकेदुखी ठरणारे कितीतरी फरक इथे आपसूक गळाले. संघाच्या दफ्तरात त्यांनी दीक्षा घेताना, सरासरी बावीस वर्षांच्या असताना, स्वहस्ते लिहिलेली छोटी आत्मवृत्ते जपून ठेवलेली होती. संशोधकांनी त्यांतल्या काही आत्मवृत्तांत दर दहा शब्दांमागे किती वेगळ्या कल्पना आल्या आहेत ते मोजले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, मेंदूची तपासणी होऊ शकलेल्या १४ मृत जोगिणींपैकी ज्यांच्या तरुणपणीच्या लेखनात कल्पनांची दाटी कमी होती त्या सर्वांच्या मेंदूत अल्झायमर आढळला, आणि ज्यांच्यात ती जास्त होती त्यांपैकी एकीतही नाही. संख्या छोटी आहे. शिवाय अर्थही दुहेरी: विशीतली समृद्ध भाषा पुढे संरक्षण देते, की रोगाची चाहूल विशीतल्या वाक्यरचनेतही असते? दुसरी शक्यता अधिक अस्वस्थ करणारी आहे आणि ती खोडून काढता आलेली नाही. त्याच अभ्यासाने पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि उपयोगाच्या दृष्टीने ती जास्त मोलाची आहे: ज्यांच्या मेंदूत अल्झायमरचे बदल होतेच, त्यांच्यापैकी ज्यांना मेंदूतील रक्तपुरवठा खंडित झाल्याच्या बारीक जखमाही होत्या त्यांच्यातच जिवंतपणी स्मृतिभ्रंशाची लक्षणे कितीतरी अधिक दिसली. मृत्यूनंतरच्या मेंदूतला रोग आणि माणसाच्या वागण्यात दिसणारा रोग हे असे वेगळे होऊ शकतात.

भाषेचा मुद्दा भारतात वेगळ्या अंगाने तपासला गेला आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंश-रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, आणि २०१३ साली मांडले की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत लक्षणे एकभाषिकांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली; हा फरक निरक्षरांतही टिकला, म्हणजे तो शिक्षणाचा छुपा परिणाम नव्हता. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शेजारी कन्नड किंवा कोकणी अशा वातावरणात वाढलेल्या लाखो लोकांसाठी हा निष्कर्ष सुखद असला, तरी तो रुग्णालयात आलेल्यांवर बेतलेला आहे, आणि निरोगी लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांनी त्याला नेहमीच दुजोरा दिलेला नाही.

मध्यमवयातील घटकांकडे वळताना काळाचा प्रश्न मुख्य होतो. पन्नाशीतला वाढलेला रक्तदाब पुढच्या स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढवतो. ऐंशीतला तसाच रक्तदाब तितकी वाढवत नाही, उलट रोग जवळ येऊ लागला की अनेकांचा रक्तदाब उतरतो. लठ्ठपणाचेही तसेच: मध्यमवयात तो जोखीम दाखवतो, म्हातारपणी मात्र घटणारे वजन हेच रोगाची पूर्वसूचना असू शकते. अशा वेळी परिणामाला कारण समजण्याची चूक होते, तिला उलटी कार्यकारणता म्हणतात, आणि उतारवयातील नैराश्याविषयी ती शंका अजून फिटलेली नाही. ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांवरील ‘व्हाइटहॉल’ अभ्यासासारख्या दशकानुदशके चाललेल्या पाहण्यांचे मोल यामुळेच आहे. मधुमेहाच्या बाबतीत त्याच अभ्यासाने दाखवले की रोग जितक्या कमी वयात जडतो तितकी पुढची जोखीम वाढते. महाराष्ट्रासाठी हे गंभीर आहे: पुण्यात चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिल्याप्रमाणे भारतीय शरीर बारीक दिसत असतानाही चरबी बाळगून असते आणि मधुमेह तुलनेने कमी वजनात, कमी वयात होतो. याज्ञिक यांच्याच पाहण्यांत पुण्याकडे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली. त्या कमतरतेने येणारे विस्मरण हा अल्झायमर नव्हे आणि ते बऱ्याचदा उपचाराने सुधारते, म्हणून विसरभोळ्या रुग्णाची ती तपासणी आधी करून घेणे शहाणपणाचे.

या सगळ्या घटकांची बेरीज करण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न गिल लिव्हिंग्स्टन यांच्या अध्यक्षतेखालील, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा आहे. २०१७ साली आयोगाने नऊ घटक मानले, २०२० साली बारा आणि २०२४ साली चौदा; आणि हे चौदाही घटक समूळ नाहीसे झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असे गणित मांडले. श्रवणदोष आणि वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल यांचा वाटा प्रत्येकी ७ टक्के, कमी शिक्षण आणि एकटेपणा प्रत्येकी ५, हवेचे प्रदूषण, नैराश्य आणि डोक्याला झालेली इजा प्रत्येकी ३, आणि मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, बैठी राहणी, न सुधारलेली दृष्टी, लठ्ठपणा व अतिमद्यपान यांचा त्याहून कमी. हे ४५ टक्के समाजाचे आहेत. पथ्य पाळणाऱ्या एका माणसाची जोखीम ४५ टक्क्यांनी घटते असा त्यांचा अर्थ होत नाही. ते एकूण स्मृतिभ्रंशाचे आहेत, एकट्या अल्झायमरचे नव्हेत. आणि प्रत्येक घटक खरोखर कारण आहे हे गृहीत धरूनच ते निघाले आहेत. पहिल्या नऊ घटकांवरून भारतासाठी केलेल्या २०१९च्या गणितात हा वाटा ४१ टक्के आला होता.

श्रवणदोषाची गोष्ट या गृहीताची परीक्षा पाहते. ऐकू कमी येणाऱ्यांत स्मृतिभ्रंश अधिक, हे अनेक अभ्यासांत आले. पण श्रवणयंत्र दिल्याने तो टळतो का? अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांना यंत्र किंवा नुसता आरोग्यसल्ला देऊन तीन वर्षे पाहणारी चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. एकूण गटात फरक पडला नाही. ज्यांची हृदयरोगादींची जोखीम मुळातच जास्त होती त्या उपगटात मात्र बौद्धिक ऱ्हास ४८ टक्क्यांनी मंदावला. ही बातमी दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपापल्या सोयीने वाचली. श्रवणयंत्राचा लाभ माणसाला बोलण्यात, नातवंडांत, देवळात, बँकेत होतोच, आणि तेवढ्यासाठी तो पुरेसा आहे. मेंदूच्या नावाने ते विकण्याची गरज नाही.

जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, भांड्यांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण तो प्रश्न प्रत्येक व्याख्यानानंतर विचारला जातो. १९६५ साली सशांच्या मेंदूत अॅल्युमिनियमचे क्षार टोचल्यावर गुंत्यांसारखे बदल दिसले, तेव्हापासून हा संशय आहे. पण ते बदल अल्झायमरच्या गुंत्यांहून वेगळे निघाले, आणि स्वयंपाकाच्या भांड्यांमुळे हा रोग होतो असा पुरावा इतक्या वर्षांत उभा राहिला नाही.

कार्यकारणता तपासण्याचा सर्वांत देखणा प्रयोग कोणी मुद्दाम आखलेला नव्हता. वेल्समध्ये २०१३ साली नागिणीची, म्हणजे कांजिण्यांच्याच विषाणूमुळे पुढे होणाऱ्या वेदनादायी पुरळाची, लस द्यायला सुरुवात झाली, तेव्हा २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ती मिळू लागली आणि त्याआधी जन्मलेल्यांना कायमची नाकारली गेली. एका आठवड्याच्या अंतराने जन्मलेली माणसे इतर बाबतींत सारखीच. फरक फक्त लसीचा. सात वर्षांनंतरच्या नोंदींत लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंश सुमारे २० टक्के कमी निघाला, आणि स्त्रियांत परिणाम जास्त दिसला. विषाणूला आवर घातल्याने हे झाले की लसीने एकूण रोगप्रतिकार जागवल्याने, हे अजून ठरलेले नाही.

रक्तदाबावरचा पुरावा याहून थेट आहे. अमेरिकेत ९३६१ लोकांवरील ‘स्प्रिंट-माइंड’ चाचणीत वरचा रक्तदाब १२०च्या खाली ठेवलेल्यांत सौम्य बौद्धिक ऱ्हास १९ टक्क्यांनी कमी झाला, पण स्मृतिभ्रंशातली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. चाचणी मुदतीआधीच थांबवलेली होती. २०२५ साली चीनमधून आलेल्या निकालाने ती उणीव बरीचशी भरून काढली. तिथे ३२६ खेड्यांतील, चाळिशीपुढचे आणि रक्तदाब आटोक्यात नसलेले ३३९९५ लोक घेतले गेले, आणि निम्म्या खेड्यांत मोठ्या डॉक्टरांऐवजी गावातल्याच अल्पप्रशिक्षित आरोग्यसेवकांनी ठरलेल्या क्रमाने स्वस्त गोळ्या, घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि समुपदेशन दिले. चार वर्षांत त्या खेड्यांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी झाला. अमायलॉइड कमी साठले की निव्वळ रक्तवाहिन्यांची इजा टळली, हे चाचणीने तपासले नव्हते. तिचा विषय गावातल्या म्हाताऱ्या माणसाचे वागणे-बोलणे किती टिकले हा होता. भारतात महाराष्ट्रासह पाच राज्यांत २०१७च्या अखेरीस सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची आखणी याच धर्तीची आहे: ठरलेला औषधक्रम, प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्यांचा साठा आणि परिचारिकेच्या हाती नोंद. तो हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्यासाठी आखला गेला, आणि त्याच्या नोंदींतले चाळिशी-पन्नाशीतले पहिले रुग्ण २०४०च्या दशकात, अल्झायमर मोजता येईल अशा वयात, पोचतील.